नखाभोवतीचे घट्टे

बंगळूरहून सुमारे 50 किलोमीटरांवरील रामनगर येथे रेशीमकोषांची मोठी बाजारपेठ आहे. कोषातील चिकट सेरिसिन सैल व्हावे म्हणून कोष ऊन पाण्यात ठेवतात. जेथे चरख्यावर काम चालते तेथे तंतूचे टोक बोटांनीच शोधावे लागते. हातमोजे सुचविणे सोपे. पण केसाहून बारीक तंतू त्यांतून हाताला लागत नाही. दिवसभर भिजणाऱ्या, घासणाऱ्या बोटांना मग नखांच्या कडेने घट्टे व भेगा पडतात.

घट्टा हा रोग नव्हे. वारंवार घर्षण झाले की त्वचा केराटिनयुक्त थर जाड करून स्वतःचे रक्षण करते. दाढीच्या पात्याने तो कापण्याची खोड पुष्कळांना असते. ती घातक होय. कोरड्या कामाचे घट्टे कोमट पाण्यात पाचेक मिनिटे मऊ करून वज्रीने हलकेच घासावेत व वर व्हॅसलीन चोळावे. रेशीम काढणाऱ्याचे हात मात्र अगोदरच भिजून फुगलेले असतात. त्याने ते प्रथम नीट कोरडे करावेत, मगच व्हॅसलीन लावावे. नखाच्या मुळाशी चिकटलेली पातळ त्वचा मुळीच सोलू नये. ती निघाली की जंतू व बुरशी आत शिरतात आणि नखुरडे होते. ठणका, सूज वा पू दिसल्यास डॉक्टरांस दाखवावे. मधुमेह असणाऱ्याने तर घट्टा घासण्यापूर्वीच.