तापाच्या पहिल्या दिवसाचा डॉक्टर

आज यशवंतराव फुल्यांच्या प्लेगच्या दवाखान्याबद्दल लिहायचं कबूल केलं होतं. ते राहू द्या. १८९७ च्या साथरोग कायद्यावरचा लेखांक वाचून चांदोरीच्या एका वाचकांनी मला सायखेड्याच्या पुलावरच गाठलं. "कोविडात खरे जिवावर उदार झाले ते आयसीयूतले डॉक्टर, असं ओघात लिहून गेलात. मग आमचे गाळ्यातले डॉक्टर काय माश्या मारत होते?"

गाडी बाजूला घेतली. वाक्य माझंच होतं आणि चुकीचं होतं.

आपल्या बाजारपेठेतला दवाखाना डोळ्यांसमोर आणा. दहा बाय बाराचा गाळा, मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, अलीकडे बाकडं, पलीकडे डॉक्टर. खिडकी नाही, पंखा तीच हवा फिरवत राहतो. कांद्याचा लिलाव उरकून आलेला माणूस म्हणतो, "डॉक्टर, कालपासून कणकण आहे." डॉक्टर टॉर्च घेऊन वाकतात, "आ करा." दोघांच्या तोंडांत वीतभर अंतर.

आता विषाणूचं गणित बघा. कोविडचा रुग्ण सर्वांत जास्त संसर्ग पसरवतो तो लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून ते पुढच्या चार-पाच दिवसांत. म्हणजे नेमका कणकणीच्या दिवसांत. तोच माणूस आयसीयूत पोहोचतो साधारण दहाव्या दिवशी. तोवर फुप्फुसांची वाट लागलेली असते, पण श्वासातून बाहेर पडणारा जिवंत विषाणू बहुधा ओसरत आलेला असतो. घशात नळी घालताना धोका असतोच, नाही असं नाही. पण तिथला डॉक्टर पीपीई किट आणि एन-९५ घालून उभा. समोरच्याला काय झालंय, हेही त्याला ठाऊक. गाळ्यातल्या डॉक्टरांना दोन्ही नाही.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडात बर्मिंगहॅमच्या रुग्णालयांत पाचशेहून अधिक कर्मचाऱ्यांचं रक्त तपासलं. आधी संसर्ग होऊन गेल्याची खूण सफाई कर्मचाऱ्यांपैकी ३४.५ टक्क्यांत सापडली, आयसीयूवाल्यांत १४.८ टक्क्यांत. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा छपाईची चूक समजून पुन्हा वाचला होता.

आपल्याकडचं चित्र त्याला जुळतं. ऑगस्ट २०२० मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशननं पंतप्रधानांना पत्र लिहिलं: १९६ डॉक्टर गेले, त्यांतले १७० पन्नाशीच्या पुढचे आणि सुमारे ४० टक्के जनरल प्रॅक्टिशनर. पन्नाशी ओलांडलेला, बहुधा बीपी-शुगर असलेला, एकट्यानं दवाखाना चालवणारा माणूस. आणि ही संघटना ॲलोपॅथीवाल्यांची. सायखेड्यासारख्या गावांचा भार वाहणारे बीएएमएस, बीएचएमएस या मोजणीत येतच नाहीत. जिल्ह्यातला पहिला रुग्ण २०२० च्या मार्चअखेर आपल्याच निफाड तालुक्यात, लासलगावजवळ सापडला होता, हे विसरू नका.

मोजणीचंही एक महाभारतच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं राज्यसभेत कोविडनं गेलेल्या डॉक्टरांची संख्या १६२ सांगितली. संघटनेची यादी तेव्हा सातशेच्या पुढे होती.

मग दवाखाना बंद का नाही ठेवला? अनेकांनी ठेवला आणि शिव्या खाल्ल्या. नवी मुंबईत महापालिकेनं ३१ मार्च २०२० ला खासगी डॉक्टरांना बजावलं: दवाखाने उघडे ठेवा, नाहीतर गुन्हा दाखल करू. तिथल्या एका आयुर्वेद डॉक्टरांनी दवाखाना उघडा ठेवला आणि जूनमध्ये ते कोविडनं गेले. पत्नीनं केंद्राच्या ५० लाखांच्या विम्यासाठी अर्ज केला. उत्तर आलं, तुमच्या यजमानांची सेवा सरकारनं रीतसर 'अधिग्रहित' केली नव्हती. मुंबई उच्च न्यायालयानंही २०२१ मध्ये तेच धरलं. फौजदारीची धमकी देताना डॉक्टर सरकारचे, पैसे द्यायच्या वेळी खासगी! माझा संताप इथे आवरत नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

११ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं हा मुद्दा उलटवला. साथरोग कायदा लागू केला, नियम काढले, आदेश दिले, हेच अधिग्रहण. प्रत्येकाच्या नावानं वेगळं पत्र लागत नाही. कायदा तोच, १८९७ चा, ज्यावर आपण दोन आठवडे घालवले.

मात्र डॉक्टर कोविडची सेवा करतानाच गेले, हे घरच्यांनी पुराव्यानिशी दाखवायचं आहे. गाळ्यातल्या दवाखान्यात पुरावा कुठला? केसपेपर तर पेशंटच घरी नेतो. चांदोरीच्या त्या वाचकांना मी हे फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "आमच्या डॉक्टरांची शंभर पानी वही होती. नाव, वय, 'ताप-खोकला', उधारी." मी विचारलं, वही आहे का अजून?

ते म्हणाले, कंपाउंडरला विचारून सांगतो. यशवंतराव पुढच्या आठवड्यात.