सासर नसलेले लग्न : ‘गीतरत्ना’तील वधू

ठाण्यात टेंभी नाक्याजवळ ‘शार हाशामाईम’ हे बेने इस्राएल समाजाचे प्रार्थनामंदिर, म्हणजे सिनेगॉग, १८७९ सालापासून उभे आहे. नावाचा अर्थ ‘स्वर्गाचे द्वार’. काही वर्षांपूर्वी एका शेजाऱ्यांच्या मुलाच्या लग्नाला मी तेथे गेलो होतो. मेंदीच्या रात्री घरात मराठी गाणी झाली होती. लग्नाच्या दिवशी नवरा मुलगा चौथऱ्यावर उभा राहिला, नवरी दारातून आत येऊ लागली आणि तिच्याकडे पाहत तो हिब्रूत गाऊ लागला. आपल्याकडे मंगलाष्टके इतर लोक म्हणतात. नवरदेव अंतरपाटाआड गप्प उभा असतो. येथे नवरदेवच गात होता. शेजारी बसलेल्या काकांना मी विचारले, “काय म्हणतोय हो तो?” ते म्हणाले, “‘योनाती’ म्हणतात याला. म्हणजे माझे कबुतर.”

त्या एका शब्दामागे मी लागलो. हिब्रू मी घरीच शिकलो, व्याकरणाचे पुस्तक आणि कोश समोर ठेवून. त्यामुळे प्रस्तुत लेख पंडिताचा नाही, एका वाचकाचा आहे, हे आधीच सांगतो.

‘योनाती’ हा शब्द बायबलच्या जुन्या करारातील एका छोट्या पुस्तकात येतो. मराठी बायबलात त्याचे नाव ‘गीतरत्न’. आठ अध्याय आणि ११७ वचने. एक तरुणी आणि एक तरुण एकमेकांशी आणि एकमेकांविषयी बोलतात. मधूनमधून मैत्रिणी बोलतात. यज्ञ नाही, आज्ञा नाहीत, आणि एका वादग्रस्त शब्दाचा अपवाद सोडला तर देवाचे नावही नाही. असे पुस्तक धर्मग्रंथात कसे, याचे सर्वांत सोयीचे उत्तर पुष्कळांनी दिले : ही लग्नाची गाणी आहेत. तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती विद्वान ओरिजेन याने या पुस्तकाला विवाहगीतच म्हटले. त्याच्या लेखी अर्थातच वर म्हणजे ख्रिस्त आणि वधू म्हणजे चर्च किंवा जीव.

१८७३ साली या मताला एक नवा आधार मिळाला. दमास्कसमध्ये प्रशियाचा वकील राहिलेल्या योहान गोटफ्रीड वेट्झस्टाइन याने सीरियातील खेड्यांच्या लग्नांचे वर्णन छापले. तेथे लग्नानंतर आठवडाभर नवरा-नवरीला राजा-राणी मानत, मळणीच्या फळीचे सिंहासन करून त्यावर बसवत आणि त्यांच्या रूपाची वर्णने गात. गीतरत्नातला शलमोन राजा म्हणजे असाच आठवड्याचा राजा असावा, असे मग कार्ल बुडे या जर्मन अभ्यासकाने मांडले. मराठी वाचकाला ही कल्पना चटकन पटेल. आपण तर नवऱ्या मुलाला ‘नवरदेव’च म्हणतो आणि जोडप्याला लक्ष्मीनारायण समजून नमस्कार करतो.

मलाही ती पटली होती. नंतर मी मूळ शब्द मोजायला बसलो.

वधूसाठी हिब्रू शब्द आहे ‘कल्ला’. गीतरत्नात तो सहाच वेळा येतो, आणि सहाही वेळा चौथ्या अध्यायाच्या आठव्या वचनापासून पाचव्याच्या पहिल्या वचनापर्यंत, म्हणजे जेमतेम दहा वचनांत. त्याच्या आधी नाही, नंतर नाही. त्यातही चार वेळा तो ‘माझी बहीण’ या शब्दांना जोडून येतो. हे आपल्या कानाला विचित्र वाटते; पण प्राचीन इजिप्तच्या प्रेमगीतांतही प्रियकर-प्रेयसी एकमेकांना बहीण-भाऊ म्हणतात. ‘बहीण’ हे जसे तेथे नाते नाही, लाडाची हाक आहे, तसेच ‘वधू’ हीदेखील हाकच असावी. एरवी नवऱ्या मुलासाठीचा ‘हतान’ हा शब्द साऱ्या पुस्तकात एकदाही का नाही, हे कळत नाही. तो तिला सहा वेळा वधू म्हणतो. ती त्याला एकदाही वर म्हणत नाही, पती म्हणत नाही. ती म्हणते ‘दोदी’, माझा प्रियकर. ‘लग्न’ हा शब्द एकदाच येतो, तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी, आणि तेथेही लग्न शलमोनाचे आहे. त्या दिवशी त्याच्या आईने त्याला मुकुट घातला, असे ते वचन सांगते.

‘कल्ला’चा दुसरा अर्थ आणखी बोलका आहे. हिब्रूत सुनेलाही कल्लाच म्हणतात. रूथच्या गोष्टीत नामीच्या सुना ‘कल्ला’च आहेत, यहूदाची सून तामार हीही ‘कल्ला’ आहे. आपल्याकडे संस्कृत ‘वधू’ शब्दाचे असेच आहे : नवरी, बायको आणि सूनही. म्हणजे या दोन्ही भाषांत वधू हा शब्द उच्चारला की मागे सासर उभे राहते. गीतरत्नात मात्र ते कोठेच नाही. सासू नाही, सासरा नाही. मुलीचा बापही नाही. भाऊ आहेत, ते आईचे मुलगे म्हणून येतात आणि तिच्यावर रागावतात. जे घर पुन्हा पुन्हा येते, ते आईचे. हिब्रू शब्द आहेत ‘बेत इम्मी’, माझ्या आईचे घर. ‘मातृगृह’ पासून झालेला आपला ‘माहेर’ हा शब्द नेमका तोच आहे. आपल्या जात्यावरच्या ओव्यांतली सासुरवाशीण माहेरची वाट पाहते. गीतरत्नातली मुलगी प्रियकरालाच धरून माहेरी न्यायचे म्हणते. पाठवणी उलट्या दिशेने निघालेली आहे.

आठव्या अध्यायाच्या आरंभी ती म्हणते की तू माझा भाऊ असतास तर रस्त्यात तुझे चुंबन घेतले असते आणि कोणी मला नावे ठेवली नसती. नुकतेच वाजतगाजत लग्न झालेल्या मुलीच्या तोंडी हे शोभत नाही. पाचव्या अध्यायात ती रात्री त्याला शोधत निघते तेव्हा पहारेकरी तिला मारतात, तिचे वस्त्र हिसकावतात. हेही लग्नघरचे चित्र नव्हे. आणि मेंदी? तीही आहे, ‘कोफेर’ या नावाने. पण ती नवरीच्या हातावर नाही. पहिल्या अध्यायात ती आपल्या प्रियकरालाच एन-गेदीच्या मळ्यातला मेंदीचा फुलोरा म्हणते. तेथेच येणारा ‘नेर्द’ हा सुगंध म्हणजे हिमालयातली जटामांसी. हा शब्द संस्कृत ‘नलद’ पासून तिकडे पोचला. लग्नाचा सारा साज या काव्यात आहे, पण तो लग्नासाठी मांडलेला नाही.

मग या हाकेला अर्थ काय? मला वाटते, अर्थ कळतो तो बायबलातील दुसऱ्या लग्नांशेजारी ठेवल्यावर. होशेय आणि यिर्मया हे संदेष्टे देव आणि इस्राएल यांचे नाते लग्नाच्या रूपकातच सांगतात. पण तेथे लग्न म्हणजे करार. तो मोडणारी बायको आहे, संतापलेला नवरा आहे आणि शिक्षा आहे. गीतरत्नाने लग्नातून फक्त मुकुट, सुगंध आणि ‘वधू’ ही हाक उचलली. मालकी आणि शिक्षा मागे ठेवली. आठव्या अध्यायात तर स्पष्ट म्हटले आहे की कोणी घरातली सारी संपत्ती देऊन प्रेम मागू लागला तर त्याची छी-थू होईल. ज्या जगात मुलीसाठी तिच्या बापाला मोल द्यावे लागे, त्या जगातले हे वचन आहे.

आपल्या ज्ञानदेवांच्या आणि तुकोबांच्या विराण्या वाचलेल्यांना हे अपरिचित वाटणार नाही. तेथेही बाई घरसंसाराची चौकट ओलांडून बोलते. तिचे बोलणे देवाविषयीचे म्हणून आपण स्वीकारले, तसेच यहुदी परंपरेने गीतरत्न स्वीकारले. दुसऱ्या शतकातील रब्बी अकिवा यांनी या पुस्तकाला पवित्रांतले पवित्र म्हटले आणि मेजवान्यांत ते चालीवर गाणाऱ्यांना परलोकात वाटा नाही, असेही बजावले. बजावावे लागले, त्याअर्थी लोक गात असणार.

आता टेंभी नाक्यावरच्या त्या हाकेकडे परत येतो. ‘योनाती’ हा शब्द गीतरत्नात तीन वेळा आहे : दुसऱ्या, पाचव्या आणि सहाव्या अध्यायात. ‘कल्ला’ असलेल्या त्या दहा वचनांत तो एकदाही नाही. दुसऱ्या अध्यायात कबुतर कड्याच्या कपारीत लपलेले आहे आणि तो तिला तोंड दाखव म्हणून विनवतो आहे. पाचव्यात तो रात्री दाराबाहेर उभा राहून दार उघड म्हणतो. ती उठेपर्यंत निघून जातो आणि पुढे तो मार, ती शोधाशोध. म्हणजे लग्नाच्या दिवशी नवऱ्याच्या तोंडी आलेला शब्द काव्यातल्या ‘वधू’च्या बागेतला नाही. तो विनवणीचा आणि बंद दाराचा शब्द आहे.

त्या दिवशी पुढे ‘केतुबा’ म्हणजे विवाहाचा करारनामा मोठ्याने वाचला गेला, साक्षीदारांच्या सह्या झाल्या. नवऱ्याने बायकोला काय द्यायचे, ते त्यात लिहिलेले असते. तो कागद आवश्यकच आहे. स्त्रीचे संरक्षण त्यात आहे. पण कागदाच्या आधी ती हाक आली, हे मला महत्त्वाचे वाटते. गीतरत्नात तो दाराबाहेर असतो आणि ती आत. येथे तो आत उभा राहून गात होता, आणि दारातून ती आपल्या पायांनी चालत येत होती.

लग्नातल्या त्या काकांना नंतर मी हे सारे सांगितले. त्यांची भावंडे इस्राएलला गेली, हे इथेच राहिले. ते म्हणाले, “अर्थ मला ठाऊक नव्हता. पण माझ्या लग्नात म्हणताना आवाज फुटत नव्हता, एवढं आठवतं.”