मेनूपासून रिबनपर्यंत : रायगड किनाऱ्यावरच्या कचेऱ्यांचा मागोवा

वर्ड आणि एक्सेल यांचा चेहरा २००७ च्या आवृत्तीत मुळापासून बदलला. फाइल, एडिट, व्ह्यू, इन्सर्ट, फॉरमॅट, टूल्स असे ओळीने मांडलेले मेनू गेले आणि त्यांच्या जागी चित्रांनी भरलेली रुंद पट्टी आली. मायक्रोसॉफ्टने तिला ‘रिबन’ असे नाव दिले. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, उरण या रायगडच्या किनारी तालुक्यांतल्या कचेऱ्यांत, ग्रामपंचायतींत, पतसंस्थांत आणि कोर्टाबाहेरच्या टायपिंगच्या दुकानांत हा बदल एका दिवसात आला नाही. किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत यंत्रे लवकर गंजतात. एखादे यंत्र बंद पडले की त्याच्या जागी नवे येई आणि त्याच्यासोबत नवे वर्ड येई. त्यामुळे एका टेबलावर २००३ आणि शेजारच्या टेबलावर २००७ अशी स्थिती बरीच वर्षे टिकली.

हा बदल जड का गेला, हे समजायला त्याआधीच्या पाच-सहा वर्षांकडे पाहावे लागते. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, ही संस्था स्थापन झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या संगणक अभ्यासक्रमाची केंद्रे तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली. शासकीय कर्मचाऱ्यांना ही परीक्षा उत्तीर्ण होणे सक्तीचे झाले. त्यासाठी ३१ डिसेंबर २००७ ही मुदत होती आणि ती चुकली तर वेतनवाढ थांबणार होती. पंचवीस-तीस वर्षे गोदरेज किंवा रेमिंग्टनच्या टाइपरायटरवर हात बसलेले लिपिक कचेरी सुटल्यावर या केंद्रांत जाऊन बसले. त्यांनी शिकलेली पडद्यावरची मांडणी जुन्या मेनूंची होती. मुदत संपायला आली त्याच वर्षी, जानेवारी २००७ मध्ये, नवे ऑफिस बाजारात आले.

त्या काळात शिकणाऱ्यांच्या वह्यांत एकेका कामाच्या पायऱ्या देवनागरीत उतरवलेल्या असत : ‘फाइल – पेज सेटअप – पेपर – लीगल – ओके’. कोर्टाची प्रतिज्ञापत्रे लीगल कागदावर निघत, म्हणून ही ओळ प्रत्येकाला लागे. वहीतले शब्द इंग्रजी होते, पण ते अर्थासाठी वाचले जात नसत. मेनूत वरून कितव्या ओळीवर थांबायचे, याची ती खूण होती. काही महिन्यांनी वहीही लागेनाशी होई, कारण हाताला जागा पाठ झालेली असे. इंग्रजी सहज वाचणाऱ्याला शब्द नव्या ठिकाणीही सापडतो. ज्याला जागा पाठ आहे, त्याच्याजवळ जागा हलल्यावर काहीच उरत नाही. रिबनबद्दल जगभर कुरबुर झाली, पण मराठीत काम करणाऱ्या लिपिकाला तो बदल इतरांपेक्षा अधिक महाग पडला तो यामुळे.

या बदलामागचे मायक्रोसॉफ्टचे कारण खोटे नव्हते. वर्डच्या पहिल्या विंडोज आवृत्तीत शंभरेक आज्ञा होत्या. २००३ पर्यंत त्या दीड हजारांवर गेल्या. मेनूंच्या आत मेनू वाढले, टूलबारांची गर्दी झाली आणि वर्डमध्ये आधीपासून असलेल्या सोयींचीच ग्राहक नव्याने मागणी करू लागले. मायक्रोसॉफ्टच्या जेन्सन हॅरिस यांच्या पुढाकाराने तयार झालेल्या रिबनने त्या दडलेल्या सोयी वर आणल्या. पण आवक-जावकीची पत्रे, नोटिसा आणि पगाराची विवरणपत्रे करणाऱ्याला दीड हजारांपैकी पंधरा-वीस आज्ञाच लागतात. त्याच्यापासून काही दडलेले नव्हतेच. नवी मांडणी ज्याच्यासाठी केली तो वापरकर्ता वेगळा होता, आणि तिची किंमत मोजणारा वेगळा.

नेमके काय हलले, ते पाहण्यासारखे आहे. पानाच्या वरचा आणि तळाचा मजकूर आधी ‘व्ह्यू’मध्ये होता, तो ‘इन्सर्ट’मध्ये गेला. एक्सेलमधली शीर्षकाची ओळ जागेवर धरून ठेवणारी ‘फ्रीझ पेन्स’ ही आज्ञा ‘विंडो’ मेनूतून ‘व्ह्यू’मध्ये आली. पेज सेटअपला ‘पेज लेआउट’ नावाचे स्वतंत्र दालन मिळाले. सगळ्यांत मोठा घोटाळा डाव्या कोपऱ्यातल्या गोल बटणाने केला. त्यावर ऑफिसचे चिन्ह होते, शब्द एकही नव्हता. पुष्कळांना ती शोभेची मुद्रा वाटली. फाइल उघडणे, साठवणे आणि छापणे या सगळ्या आज्ञा तिच्याखाली होत्या, हे कोणी सांगितल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. मायक्रोसॉफ्टलाही ते उमगले असावे, कारण २०१० च्या आवृत्तीत ते बटण काढून ‘फाइल’ हा शब्द पुन्हा आणला गेला.

दुसरा त्रास न दिसणारा होता. जुने वर्ड टाइम्स न्यू रोमन १२ मध्ये, एकेरी अंतराने उघडे. २००७ चे वर्ड कॅलिब्री ११ मध्ये उघडू लागले, पण ओळींमधले अंतर १.१५ झाले आणि प्रत्येक परिच्छेदाखाली १० पॉइंटांची मोकळी जागा सुटू लागली. विषय, संदर्भ, महोदय, मजकूर, स्वाक्षरी आणि प्रत माहितीसाठी, एवढे सगळे एका पानात बसवण्याची शासकीय पत्राची रीत आहे. प्रत्येक ओळ एंटर मारून सोडणाऱ्याच्या पत्रात ती मोकळी जागा ओळीगणिक वाढत गेली आणि स्वाक्षरी दुसऱ्या पानावर गेली. नुसत्या स्वाक्षरीचे पान साहेबांपुढे ठेवता येत नाही. मग अक्षर लहान करणे, समास कमी करणे असे उपाय चालत; मूळ सेटिंग कुठे बदलायचे, हे फार थोड्यांना सापडले.

मराठीमुळे यात आणखी एक पदर आला. त्या वर्षांत युनिकोड सर्वत्र रुळला नव्हता. सी-डॅकच्या आयएसएमचे सुरेख, योगेश हे फॉन्ट, श्री-लिपी, कृतीदेव असा सगळा कारभार होता. यातल्या बहुतेक फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसे, पण आत इंग्रजी अक्षरे किंवा चिन्हेच साठत. वर्डला ते ठाऊक नसल्यामुळे वाक्याचे पहिले इंग्रजी अक्षर मोठे करण्याची आपली सवय तो इथेही चालवी. कृतीदेवमध्ये लहान ‘ई’च्या कळीवर म आहे आणि मोठ्या ‘ई’वर पाय मोडलेला म्. त्यामुळे पत्राच्या आरंभीच्या ‘मा.’ मधला म आपोआप अर्धा होई. ही सवय बंद करण्याची जागा पूर्वी ‘टूल्स’मध्ये होती आणि मराठी टंकलेखकाला वर्ड हाती आल्यावर ती पहिल्यांदा शिकवली जाई. नव्या आवृत्तीत ती गोल बटण, वर्ड ऑप्शन्स, प्रूफिंग अशा तीन दारांआड गेली.

रिबनचे एक वैशिष्ट्य म्हणजे फॉन्टांच्या यादीवरून माउस फिरवला की निवडलेला मजकूर त्या त्या फॉन्टात लगेच दिसे. इंग्रजीत ही सुंदर सोय आहे. सुरेखमध्ये टाइप केलेला ठराव निवडून यादीवरून माउस एरिअलपर्यंत नेला की डोळ्यांदेखत सगळा ठराव अनाकलनीय चिन्हांत बदले. माउस बाजूला केला की तो परत येई. पण तो परत येणार आहे हे माहीत नसलेल्याचा तो क्षण कठीण जाई.

फाइलीचा प्रकारही बदलला. नव्या वर्डची डॉकएक्स फाइल जुन्या वर्डमध्ये जोडसॉफ्टवेअर घातल्याशिवाय उघडत नसे. श्रीवर्धनहून अलिबागचा रस्ता शंभर किलोमीटरहून लांब आहे. पेन ड्राइव्हवर आणलेले विवरणपत्र मुख्यालयातल्या जुन्या यंत्रावर उघडले नाही, तर परत जाऊन आणणे शक्य नसे. म्हणून ‘सेव्ह अ‍ॅज’मध्ये जाऊन ‘९७–२००३’ निवडण्याची शिस्त लागली आणि गरज संपल्यावरही ती अनेक ठिकाणी चालू राहिली.

या सगळ्यात कळफलक बदलला नाही. कंट्रोल-पीने छापणे आणि कंट्रोल-एसने साठवणे तसेच राहिले. जुन्या मेनूंच्या अल्टच्या बऱ्याच जोड्याही २००७ मध्ये चालत. टाइपरायटरवर घडलेल्या पिढीला माउसपेक्षा कळाच जवळच्या होत्या, आणि ज्यांनी कळांनी काम केले त्यांना रिबन सर्वांत कमी टोचली.

एक्सेलबाबत नव्या आवृत्तीचा फायदा निर्विवाद होता. ओळींची मर्यादा ६५,५३६ वरून १०,४८,५७६ वर गेली. चाळणी लावणे आणि क्रम लावणे ‘होम’वर समोरच आले. नव्या मांडणीचा कस पुढे लागला : ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा भागांतली घरे व वाड्या उद्ध्वस्त झाल्या. कित्येक गावांत अनेक आठवडे वीज नव्हती. पंचनामे कागदावर झाले, पण त्यांच्या याद्या अखेरीस एक्सेलमध्येच जुळवाव्या लागल्या. पुढे नारळामागे २५० आणि सुपारीमागे ५० रुपये अशी झाडागणिक मदत ठरली, तेव्हा क्षेत्राबरोबर झाडांची संख्याही मोजणीत आली. शेकडो वाडीदारांच्या अशा यादीत शीर्षकाची ओळ वर धरून ठेवणे आणि गावानुसार चाळणी लावणे ही रोजची गरज होती. तोवर रिबनला तेरा वर्षे झाली होती आणि हात तिच्यावर बसले होते.

मेनू हवेतच अशांसाठी लिबरऑफिस हा मोफत मार्ग होता. त्याची जुनी मांडणी आजही तशीच मिळते. रिबनसारखी पट्टी त्यात आली, पण ती निवडणे वापरणाऱ्यावर सोडलेले आहे. टायपिंगच्या लहान दुकानांना हे परवडणारे होते. तरी ते फारसे पसरले नाही, कारण गिऱ्हाइकाची फाइल वर्डमधून येई आणि वर्डमध्येच परत जाई.

पुढचे बदल सौम्य होते. २०१३ मध्ये रंग आणि सावल्या गेल्या, २०१६ मध्ये वर्डमधल्या ‘पेज लेआउट’चे नुसते ‘लेआउट’ झाले. कचेऱ्यांत आलेल्या एनआयसीच्या ई-ऑफिस या कागदविरहित फायलींच्या प्रणालीने टिपणीचा हिरवा कागद पडद्यावर तसाच ठेवला आणि कच्च्या टिपणीला पिवळा रंग दिला. दप्तर जाणणाऱ्याला तो पडदा अनोळखी वाटला तरी कागद ओळखीचा होता. २०२१ च्या अखेरीस ऑफिसचे कोपरे गोल झाले आणि वरची छोटी शीघ्र पट्टी सुरुवातीला झाकलेली येऊ लागली. २०२३ मध्ये कॅलिब्रीची जागा अ‍ॅप्टोस या फॉन्टने घेतली. या वेळी शोधाशोध करणारे बहुतेक लोक शिकले तेच रिबनवर. राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेला बसणाऱ्या मुलांनी मेनूंची ती ओळ पाहिलेलीच नाही. त्यांची हरवलेली शीघ्र पट्टी रिबनवर उजवी कळ दाबून परत आणता येते, आणि ही पायरी आता वहीऐवजी मोबाइलवर टिपून ठेवली जाते.