खेळ विकत घेतला, पण मालक कोण?

दुकानातून पैसे मोजून आणलेली वस्तू आपली असते, ही गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. पुस्तक आणले, वाचले, शेजाऱ्याला दिले, त्याने ते परत केले नाही म्हणून महिनाभर कुरकुर केली. पण या सगळ्यात प्रकाशकाची परवानगी घ्यायला आपण कधी गेलो नाही. पुण्यात अप्पा बळवंत चौकात आणि मुंबईत फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर जुन्या पुस्तकांचा बाजार उभा राहिला, तो याच साध्या हक्कावर. एकदा विकले की विकणाऱ्याचा हात सुटला!

घरातल्या टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र हा हात आता सुटेनासा झाला आहे. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स किंवा निन्टेंडोचा कन्सोल ज्या घरात आहे, तिथे वाढदिवस आला की नव्या गेमची मागणी ठरलेली. ती पुरवायचे दोन मार्ग. एक, दुकानातून प्लास्टिकच्या डबीतली डिस्क आणायची. दुसरा, टीव्हीच्या पडद्यावरच कंपनीचे दुकान उघडायचे, कार्डाने पैसे भरायचे आणि इंटरनेटवरून गेम उतरवून घ्यायचा. मुले अर्थातच दुसरा मार्ग सुचवतात. खेळ तोच, पुष्कळदा किंमतही तीच. मग फरक तो काय?

दहा हजारांचा हिशेब

प्लेस्टेशन ५ हा कन्सोल नोव्हेंबर २०२० मध्ये जगात आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये भारतात आला, तेव्हा त्याची दोन रूपे होती. डिस्क घालायची सोय असलेला ४९,९९० रुपयांना आणि ती सोय नसलेला ३९,९९० रुपयांना. दहा हजार वाचतात म्हटल्यावर मध्यमवर्गीय मन दुसऱ्याकडे झुकणारच.

पण जरा पुढचा हिशेब करू. मोठ्या कंपनीचा नवा गेम साधारण पाच हजारांच्या घरात जातो. डिस्क घेतली, मुलाने महिनाभरात खेळ संपवला आणि ती समजा साडेतीन हजारांना विकली, तर खेळाचा खर्च दीड हजार. असे तीन खेळ झाले, की वाचवलेले दहा हजार वसूल झाले. शिवाय मित्राशी अदलाबदल करता येते, मावसभावाला सुट्टीपुरती डिस्क देता येते. डाउनलोड केलेल्या खेळाला हे दरवाजे बंद. तो विकता येत नाही, भेट देता येत नाही. आणि पडद्यावरचे दुकान एकच, तेही कंपनीचे. चार दुकाने फिरून भाव करायची आपली जुनी सवय तिथे चालत नाही. कंपनी ‘सेल’ लावील तेव्हाच स्वस्त.

डाउनलोडची बाजू

असे असूनही लोक डाउनलोडकडे वळले, ते काही वेडे म्हणून नव्हे. डिस्कवर ओरखडे पडतात, धाकटी मंडळी तिचा चहाच्या कपाखाली उपयोग करतात, आणि घर बदलताना नेमकी आवडती डिस्क हरवते. डाउनलोडला हा ताप नाही. कन्सोल बिघडला तरी खात्यावर नोंद असते. नव्या कन्सोलवर खेळ पुन्हा उतरवून घेता येतो. एक गैरसमजही दूर केला पाहिजे. डिस्क घेतली म्हणजे कन्सोलमधली जागा वाचते, असे नाही. आजकालचा बहुतेक खेळ डिस्कवरूनही आधी कन्सोलच्या आत साठवून घ्यावाच लागतो. नंतर डिस्क आत असावी लागते ती केवळ पुरावा म्हणून. मोठा खेळ शंभर जीबीचा असू शकतो. पन्नास एमबीपीएसच्या जोडणीवर तो उतरायला साडेचार तास तरी लागतात.

आणखी एक गोष्ट आपल्या अभिमानाची. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने बनवलेला ‘राजी’ हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये निन्टेंडो स्विचवर आला आणि त्याच वर्षी इतर कन्सोलवरही पोहोचला. राजस्थानी किल्ल्यांच्या वातावरणात असुरांशी झुंजणारी एक मुलगी, पाठीशी दुर्गेचा आशीर्वाद! डिस्क छापणे, डब्या भरणे, देशोदेशीच्या दुकानांत माल पोहोचवणे हा खर्च अशा चमूला कुठून झेपावा? पडद्यावरच्या दुकानाने तो खर्चच पुसून टाकला. डाउनलोडला सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये.

पागडीपेक्षाही कच्चा करार

खरी गोम आहे ती करारात. पडद्यावर ‘विकत घ्या’ असे बटण असते. पण ज्या अटी न वाचताच आपण ‘मान्य’ म्हणतो, त्या सांगतात की तुम्हाला मिळतो तो केवळ वापरण्याचा परवाना, आणि तोही दुसऱ्याच्या नावावर न करता येणारा. मुंबईकरांना पागडीची खोली ठाऊक आहे. रक्कम मोजायची, पिढ्यान्‌पिढ्या राहायचे, पण इमारत मालकाची. हा करार त्याहून कच्चा. पागडीची खोली निदान मुलाच्या नावावर होते!

२०१४ च्या ऑगस्टमध्ये प्लेस्टेशन ४ वर ‘पी. टी.’ नावाचा छोटा भयखेळ फुकट आला आणि गाजला. एप्रिल २०१५ मध्ये तो दुकानातून काढून टाकला गेला. ज्यांच्या कन्सोलवर तो आधीच उतरलेला होता, त्यांच्यावर तो कन्सोलच जपून ठेवायची वेळ आली. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ सदोष निघाला, म्हणून सोनीने तो आपल्या पडद्यावरच्या दुकानातून सहा महिने हटवला. त्या काळात डिस्क मात्र बाजारात मिळत होती. आणि दुकाने तरी कुठे अमर आहेत? निन्टेंडो वीचे दुकान जानेवारी २०१९ मध्ये बंद झाले, थ्रीडीएस आणि वी यूचे मार्च २०२३ मध्ये, एक्सबॉक्स ३६० चे जुलै २०२४ मध्ये. अशा वेळी आधी घेतलेले खेळ पुन्हा उतरवण्याची मुभा कंपन्या काही काळ ठेवतात; पण ती कुठवर, हे त्याच ठरवणार. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के बाजारात विकत मिळेनासे झाल्याचे दिसले.

हा झगडा तसा जुना. अमेरिकेत एका प्रकाशकाने कादंबरीत छापले होते की, हे पुस्तक एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकणे हा आमच्या हक्कांचा भंग समजला जाईल. मेसीज या दुकानाने ते ८९ सेंटला विकले. १९०८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दुकानदाराच्या बाजूने कौल दिला: एकदा विकल्यावर पुढच्या विक्रीवर प्रकाशकाचा अंकुश नाही. याच निकालाच्या पायावर तिथला जुन्या मालाचा बाजार उभा आहे. पण २०१८ मध्ये डाउनलोड केलेल्या गाण्यांच्या फेरविक्रीचा खटला तिथल्या अपील न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालय म्हणाले की, फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर गेली म्हणजे नवी प्रत तयार झाली, म्हणून हा हक्क तिला लागू नाही. पुस्तकाला मिळालेले स्वातंत्र्य फाइलला मिळाले नाही.

गिऱ्हाईक जागे झाले की

गिऱ्हाईक अगदीच दुबळे आहे, असेही नाही. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वनसाठी जाहीर केले की, चोवीस तासांतून एकदा कन्सोल इंटरनेटला जोडावा लागेल आणि जुन्या डिस्कच्या व्यवहारावर बंधने येतील. सोनीने उत्तरादाखल काही सेकंदांची चित्रफीत काढली. खेळ दुसऱ्याला कसा द्यायचा? एका अधिकाऱ्याने शेजारच्या अधिकाऱ्याच्या हातात डिस्क ठेवली, संपले! गिऱ्हाइकांचा गदारोळ असा झाला की जून संपायच्या आत मायक्रोसॉफ्टने माघार घेतली. पुढे २०२१ मध्ये सोनीच प्लेस्टेशन ३ चे दुकान बंद करायला निघाली, तेव्हा तिलाही महिन्याभरात निर्णय फिरवावा लागला. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे: देताय तो परवाना असेल, तर गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगा, नुसते ‘विकत घ्या’ म्हणू नका.

डिस्कही पोकळ होते आहे

तर मग डिस्क घेतली की निश्चिंत? तसेही राहिलेले नाही. ‘द क्रू’ हा मोटार शर्यतींचा खेळ २०१४ मध्ये आला. तो सतत कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला असावा लागे. ३१ मार्च २०२४ रोजी सर्व्हर बंद झाले आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याही हाती गोल प्लास्टिक तेवढे उरले. ‘कॉन्कॉर्ड’ हा खेळ तर ऑगस्ट २०२४ मध्ये आला आणि दोनच आठवड्यांत बंद झाला. त्याचे पैसे परत मिळाले, एवढेच समाधान. जून २०२५ मध्ये आलेल्या निन्टेंडो स्विच २ च्या काही खेळांच्या डबीत जे कार्ड मिळते, त्यात खेळ नसतोच, तो उतरवण्याची फक्त किल्ली असते. विकलेले खेळ असे मारून टाकू नका, या मागणीच्या युरोपातल्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या, त्या उगाच नाहीत.

मग घ्यावे काय?

कन्सोल घ्यायचाच असेल, तर डिस्कची सोय असलेला, किंवा ती नंतर जोडता येईल असा घ्यावा. २०२३ च्या अखेरीस आलेल्या सडपातळ प्लेस्टेशन ५ ला ती वेगळी विकत घेऊन जोडता येते. एकट्याने खेळायचा, कथानक असलेला मोठा खेळ डिस्कवर घ्यावा. संपला की तो विकता येतो, किंवा धाकट्यासाठी ठेवता येतो. छोट्या चमूंचे कमी किमतीचे खेळ खुशाल डाउनलोड करावेत. केवळ इंटरनेटवर चालणाऱ्या खेळात डिस्क आणि डाउनलोड सारखेच. सर्व्हर असेतो खेळ, म्हणून त्यावर फार पैसे घालू नयेत. डबीवर बारीक अक्षरात ‘डाउनलोड आवश्यक’ अशा अर्थाचे काही लिहिले आहे का, ते चष्मा लावून पाहावे. आणि डाउनलोडचे खाते पालकांनी आपल्या नावावर उघडून पासवर्ड स्वतःजवळ ठेवावा. घरातले सगळे खेळ त्या एका खात्यावर टांगलेले असतात.

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे जे व्हिडिओ गेम आपल्याकडे आले, त्यांच्या कार्ट्रिजला मुले ‘कॅसेट’ म्हणत. ती चालेनाशी झाली की फुंकर मारून परत बसवत. माळ्यावरच्या खोक्यात तशी एखादी कॅसेट आणि तिचा खोका अजून असेल, तर आजही ती चालू होण्याची शक्यता आहे, आणि त्यासाठी कोणाला विचारावे लागणार नाही. आजच्या मुलांनी घेतलेले खेळ त्यांच्या मुलांना असे माळ्यावर सापडतील का, याचे उत्तर आज कंपन्यांच्या हाती आहे. ते आपल्या हाती हवे असेल, तर पैसे मोजण्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी लागेल: हे मी घेतो आहे, की वापरायला मागतो आहे?