सावलीही अंदाजपत्रकात धरा

निफाड तालुक्याचे नाव वर्तमानपत्रांत येते ते बहुधा थंडीमुळे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, ही दर हिवाळ्यातली ठरलेली बातमी. त्याच तालुक्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, त्याचे मात्र कोणाला विशेष वाटत नाही. सायखेड्यासारख्या गोदाकाठच्या बाजाराच्या गावात त्या दिवसांत उन्हात मांडलेली मेथी-कोथिंबिरीची जुडी बघता बघता माना टाकते आणि दुपारनंतर पडेल भावात द्यावी लागते. वडाखाली किंवा कडुनिंबाखाली पथारी टाकणाऱ्याचा माल संध्याकाळपर्यंत तग धरतो, गिऱ्हाईकही तिथे दोन मिनिटे जास्त थांबते. बाजारातले जुने झाड असे रोजच्या व्यवहारात भर घालत असते. तरी बाजारतळाचे सुशोभीकरण निघाले की कागदावर ओटे येतात, शेड येते, पेव्हर ब्लॉक येतात, आणि झाडाची नोंद होते ती ‘अडथळा’ म्हणून. बाजारातली जुनी झाडे वाचवायची असतील, तर निसर्गप्रेमाचा दाखला बाजूला ठेवून सावली ही त्या जागेची सोय म्हणून मागितली पाहिजे. ओट्याइतकीच हक्काची, आणि ओट्यासारखीच मोजता येणारी.

मोजता येते हे खरेच आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या माहितीनुसार झाडाच्या सावलीतला पृष्ठभाग भर उन्हातल्या पृष्ठभागापेक्षा ११ ते २५ अंश सेल्सिअसने थंड राहू शकतो. पत्र्याची शेड ऊन अडवते, पण स्वतः तापून खाली धग सोडते. झाड पानांतून पाण्याची वाफ सोडून भोवतालची हवाही थोडी निववते. ग्राहकांचे म्हणाल, तर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या कॅथलीन वुल्फ यांनी तिथल्या व्यापारी पेठांचा अभ्यास केला. मोठी, सांभाळलेली झाडे असलेल्या पेठेत त्याच वस्तूला ९ ते १२ टक्के जास्त मोजायची तयारी लोकांनी दाखवली. हे परदेशातले आणि लोकांनी तोंडाने सांगितलेले आकडे आहेत. कांदा-बटाट्याच्या बाजाराला ते जसेच्या तसे लावू नयेत. पण झाडांमुळे दुकानदारी बसते, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार त्यांच्यापुढे टिकत नाही.

महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत लोकांनी झाडांसाठी ज्या लढाया लढल्या, त्या जवळजवळ ठेवून पाहिल्या की एक गोष्ट दिसते. २०२० मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला. लोकांची मागणी सरळ होती: वड आहे तिथेच राहील, रस्ता वळवा. रस्त्याची आखणी बदलली. २०२२ च्या सुरुवातीला नाशिकमध्ये उंटवाडीच्या उड्डाणपुलासाठी शेकडो झाडे जाणार होती, त्यांत म्हसोबा मंदिराजवळचा दोन शतकांहून जुना मानला जाणारा वडही होता. नागरिकांनी आवाज उठवला आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी तो वड वाचेल असा आराखडा करायला सांगितले. याउलट मुंबईतल्या आरेची गोष्ट. मेट्रो कारशेडसाठीच्या तोडीविरुद्धच्या याचिका उच्च न्यायालयाने फेटाळल्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन दिवसांत दोन हजारांहून अधिक झाडे पडली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा ‘जैसे थे’चा आदेश आला तेव्हा तोडायचे फारसे उरले नव्हते. जिथे आराखडा बदलायला लावला तिथे झाड कुऱ्हाडीपासून वाचले. जिथे आराखडा कायम राहिला, तिथे पुढची चर्चा भरपाईच्या रोपांवर येऊन थांबली. कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी नाशिकच्या तपोवनातली झाडे तोडण्याची नोटीस २०२५ च्या नोव्हेंबरात निघाली. नाशिककर रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकारकडून उत्तर आले की राजमहेंद्रीहून हजारो रोपे आणून लावू. गोदावरी इथून वाहत राजमहेंद्रीला जाते. सावली तिथून उलटी वाहून येत नाही.

रोपांचा हा युक्तिवाद झटकून टाकण्यासारखा नाही, कारण तो कायद्यातच आहे. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष म्हटले गेले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट आली. साठ वर्षांच्या कडुनिंबाला साठ रोपे. कागदावर हिशेब चोख आहे, पण रोपे बहुधा भलत्याच मोकळ्या जागेत लागतात आणि पथारीवालीच्या डोक्यावरचे ऊन तसेच राहते. रोप जगलेच तरी माणसे बसतील एवढी सावली धरायला पंधरा-वीस वर्षे घेते. शिवाय हा कायदा महापालिका, नगरपालिका, नगरपंचायतींपुरता आहे. ग्रामपंचायतीच्या हद्दीत तो पोचतच नाही. तिथे लागू होतो १९६४ चा झाडे तोडण्याच्या नियमनाचा कायदा. त्याच्या अनुसूचीत साग, आंबा, चिंच, जांभूळ, मोह अशी झाडे आहेत. वड, पिंपळ, कडुनिंब नाहीत. इमारती लाकूड आणि फळ यांची काळजी कायद्याने वाहिली, सावलीची नाही. आठवडे बाजाराला सावली बहुतेकदा याच वगळलेल्या तीन झाडांची असते, हे लक्षात घेतले की खेड्यातल्या बाजारतळाची झाडे किती उघड्यावर आहेत ते कळते.

सर्वांत गंभीर हरकत आहे ती जिवाची. ९ एप्रिल २०२३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या पारस येथे वादळी पावसात जुने कडुनिंबाचे झाड मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर कोसळले आणि सात भाविक गेले. असे झाल्यावर ‘जुनी झाडे काढून टाका’ म्हणणाऱ्याला निर्दय ठरवणे चुकीचे. पोखरलेले, एका अंगाला कललेले झाड गर्दीच्या जागी ठेवू नये, हे झाडे वाचवू पाहणाऱ्यांनी आधी म्हणायला हवे. त्यामुळे बाकीच्या झाडांसाठी त्यांच्या शब्दाला वजन येते. पण निरोगी झाडही धोकादायक करून ठेवण्यात आपला हात असतो. गटारीसाठी एका बाजूची मुळे तोडायची, बुंध्यापर्यंत काँक्रीट आणायचे, फलक दिसावा म्हणून एकाच अंगाच्या फांद्या छाटायच्या, आणि झाड पडले की त्याच्या वयाला दोष द्यायचा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. आपल्या बाजारतळांवर पेव्हर ब्लॉक बसवताना हे एक मीटरचे आळे सोडायला जादा खर्च येत नाही, उलट ब्लॉक वाचतात. नुसत्या नियमाने भागत नाही हेही खरे. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो शहराने १९८३ मध्येच ठरवले की वाहनतळाची निम्मी जागा पंधरा वर्षांत सावलीखाली आली पाहिजे. प्रत्यक्षात सावली त्याच्या बरीच खाली राहिली, कारण झाडांना माती तुटपुंजी मिळाली आणि लावल्यानंतर कोणी पाहिले नाही.

म्हणून काम सुरू करायची वेळ कुऱ्हाड आल्यावरची नव्हे, निविदा निघण्याआधीची आहे. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ही नोंदवही कपाटात पडून असते. बाजारतळावरच्या प्रत्येक मोठ्या झाडाचा घेर, दुपारी बारा ते चार त्याची सावली कुठवर पडते आणि त्या सावलीत किती पथाऱ्या बसतात, एवढे तिच्यात लिहिता येते. हे मोजायला तज्ज्ञ लागत नाही, शाळेतली मुले टेपने मोजतील. बाजारातून पंचायतीला कर मिळतो, तेव्हा छाटणी, आळी आणि पावसाळ्याआधीची तपासणी यांसाठी त्यातून रक्कम मागणे वावगे नाही. महाराष्ट्रदिनाची ग्रामसभा भर उन्हाळ्यात येते. सायखेड्याच्या आणि प्रत्येक बाजारगावच्या व्यापाऱ्यांनी, भाजी विकणाऱ्या बायांनी १ मेच्या सभेत ही नोंदवही मागावी, आणि बाजारतळाचे पुढचे अंदाजपत्रक झाडांच्या नकाशाशिवाय मंजूर होऊ देऊ नये.