९० मैलांची निर्यात

अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्याच्या दक्षिण टोकाला की वेस्ट नावाचे लहानसे बेट आहे. तिथून क्युबाची राजधानी हवाना सुमारे ९० समुद्री मैलांवर आहे. मुंबईहून समुद्रमार्गे दाभोळ ओलांडून जयगडच्या दिशेने जावे, साधारण तेवढे हे अंतर. तीस-पस्तीस फुटी शिडाची होडी दुपारी निघाली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी हवानाचा किनारा दिसू लागतो. तरीही साठाहून अधिक वर्षे हौशी अमेरिकी दर्यावर्दींसाठी हे अंतर कधी मोकळे, कधी बंद आणि बराच काळ धड मोकळेही नाही नि धड बंदही नाही, अशा स्थितीत राहिले आहे.

मी या विषयाकडे वळलो तो एका साध्या प्रश्नामुळे. लोकशाही देश आपल्या नागरिकाला ‘अमुक देशात जाऊ नकोस’ असे सांगतो, तेव्हा तो नेमके काय बंद करतो? माणसाला अडवतो, त्याच्या पैशाला, की त्याच्या वाहनाला? विमानाच्या प्रवाशाला हा प्रश्न फारसा पडत नाही, कारण तिकीट मिळाले नाही की विषय संपला. होडीवाल्याचे तसे नाही. त्याला तिकीट लागत नाही. वारा आणि शीड त्याच्याकडे असतेच. म्हणून त्याला अडवताना कायद्याला आपले सगळे पदर उघडे करावे लागतात. ते एकेक करून पाहण्यासारखे आहेत.

पाणी आणि वारा

आधी समुद्राविषयी. फ्लॉरिडा आणि क्युबा यांच्यामधून गल्फ स्ट्रीम हा उबदार प्रवाह पूर्वेकडे वाहतो. त्याचा वेग ठिकाणानुसार २ ते ४ नॉट असतो. ताशी सहा मैलांनी जाणाऱ्या होडीला ही सामुद्रधुनी ओलांडायला पंधरा तास लागले आणि प्रवाहाचा सरासरी वेग दोन नॉट धरला, तर होडी तेवढ्या वेळात ३० मैल पूर्वेला वाहून जाते. म्हणून जाणकार नावाडी सुकाणू मुद्दाम नैर्ऋत्येकडे, पश्चिमेला बरेच झुकते धरतो. हिवाळ्यात उत्तरेकडून थंड हवेच्या लाटा येतात. वारा दक्षिणेकडून पश्चिमेकडे आणि मग उत्तरेकडे फिरतो. उत्तरेचा हा वारा प्रवाहावर आदळला, की आखूड, उभ्या, एकमेकींना चिकटून येणाऱ्या लाटा उठतात. अशा दिवशी अनुभवी माणूस बंदरातच थांबतो.

या पाण्याशी मराठी वाचकाची ओळख आहे. अर्नेस्ट हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’ या १९५२ सालच्या कादंबरीतला म्हातारा कोळी हवानाजवळून याच प्रवाहात मासेमारीला जातो. पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने ती मराठीत आणली. हेमिंग्वेची ‘पिलार’ ही होडी हवानाजवळच्या कोहीमार या कोळ्यांच्या गावी असे. हौशी नौकानयनाची परंपराही इथे जुनी आहे. फ्लॉरिडातील सेंट पीटर्सबर्ग ते हवाना ही शिडाच्या होड्यांची शर्यत १९३० साली सुरू झाली आणि १९५९ पर्यंत चालली. मग क्रांती झाली, आणि शर्यत थांबली.

जा, पण पैसे खर्चू नका

जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकेने क्युबाशी राजनैतिक संबंध तोडले. फेब्रुवारी १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी व्यापारबंदी लागू केली. १९६३ मध्ये अमेरिकी अर्थखात्याने क्युबाविषयीचे सविस्तर नियम काढले. त्यांचा पाया होता १९१७ सालचा, पहिल्या महायुद्धातला, शत्रूशी व्यापार करण्यास बंदी घालणारा कायदा. क्युबाशी युद्ध कधीच जाहीर झाले नाही. तरी हा कायदा आजही त्याला लागू आहे, आणि अमेरिकेचे अध्यक्ष दरवर्षी त्याची मुदत एकेका वर्षाने वाढवतात.

सुरुवातीला सरकारने पासपोर्टचे हत्यार वापरले. क्युबासाठी पासपोर्ट वैध नाही, असे जाहीर केले. लुई झेमेल या नागरिकाने त्याला आव्हान दिले. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने कौल दिला: प्रवासाचे स्वातंत्र्य आहे, पण परराष्ट्र धोरणाच्या कारणासाठी एखादा प्रदेश सरकार वगळू शकते. मात्र पुढे १९६७ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटले, की अशा पासपोर्टवर क्युबाला जाणे हा फौजदारी गुन्हा ठरत नाही. म्हणजे पासपोर्टची भिंत बाहेरून भक्कम होती, पण ती ओलांडणाऱ्याला शिक्षा करता येत नव्हती.

म्हणून खरा भार पैशावर आला. क्युबात जाणे हा गुन्हा नाही; क्युबात खर्च करणे हा गुन्हा. हॉटेलचे बिल, जेवण, धक्क्याचे भाडे यांपैकी काहीही परवानगीशिवाय दिले, की नियमभंग. अध्यक्ष कार्टर यांनी १९७७ मध्ये ही बंदी सैल केली, अध्यक्ष रीगन यांनी १९८२ मध्ये पुन्हा आवळली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती वैध ठरवली.

होडीवाल्यांना यातूनच एक फट सापडली. होडी आपली, अन्न आपले, पाणी आपले, झोपायला बर्थही आपला. धक्क्याचे भाडे एखाद्या क्युबन यजमानाने सोसले, तर ‘व्यवहार’ झालाच कुठे? ‘संपूर्ण यजमानी’ म्हणून ओळखली जाणारी ही सबब बराच काळ चालली. हवानाच्या पश्चिमेला हेमिंग्वे मरीना आहे, आणि १९९२ पासून तिथे हेमिंग्वेच्या नावाचा आंतरराष्ट्रीय यॉट क्लबही आहे. अनेक अमेरिकी होड्या तिथे लागत. २००४ मध्ये अध्यक्ष बुश यांच्या सरकारने ही सवलत काढून टाकली. त्याच वर्षी की वेस्टहून क्युबाला जाणाऱ्या एका शर्यतीच्या संयोजकांवर खटलाही भरला गेला. पण तो टिकला नाही.

किनारा सोडण्याचा परवाना

दुसरा पदर तटरक्षक दलाचा. २४ फेब्रुवारी १९९६ रोजी क्युबाच्या हवाई दलाने मायामीतील क्युबन निर्वासितांच्या एका संघटनेची दोन छोटी विमाने पाडली. चार माणसे मेली. १ मार्चला अध्यक्ष क्लिंटन यांनी आणीबाणीची घोषणा केली. निर्वासितांचे होड्यांचे ताफे क्युबाच्या हद्दीजवळ जाऊन निदर्शने करत होते. त्यांतून आणखी जीव जातील ही भीती खरी होती. म्हणून फ्लॉरिडाच्या पाण्यातून निघून क्युबाच्या सागरी हद्दीत शिरू पाहणाऱ्या ५० मीटरहून लहान होड्यांना तटरक्षक दलाचा परवाना सक्तीचा झाला. २००४ मध्ये ही सक्ती अमेरिकेच्या सगळ्या किनाऱ्यांना लागू झाली. घोषणेची मुदत तेव्हापासून दरवर्षी वाढत आली आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ज्या प्रसंगातून हा नियम जन्मला त्यात विमाने होती आणि राजकीय निदर्शने होती. सहलीला निघालेले निवृत्त शिक्षकाचे जोडपे त्यात कुठेच नव्हते. पण नियम त्यांनाही तितकाच लागू झाला.

होडी म्हणजे माल

तिसरा पदर मला सर्वांत चमत्कारिक वाटतो. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीने क्युबाला जाणारी होडी हे वाहन तर आहेच, पण ती निर्यात होणारी वस्तूही आहे. डोलकाठी, इंजिन, रेडिओ, दिशादर्शक यंत्रे यांसह ती परदेशात जाते, भले आठवड्याने परत का येईना. क्युबाला होणाऱ्या निर्यातीला व्यापार खात्याची परवानगी हवी. म्हणजे मालक त्याच होडीतून घरी परतणार असला, तरी कागदोपत्री तो आपली होडी काही दिवसांसाठी निर्यात करत असतो.

या तीन पदरांची तीन वेगळी कार्यालये आहेत. माणसाच्या खर्चाचे अर्थखात्याकडे, होडीचे व्यापार खात्याकडे, किनारा सोडण्याचे तटरक्षक दलाकडे. एकाने ‘हो’ म्हटले म्हणून दुसऱ्याने म्हणावे असे नाही. आणि हे नियम केवळ अमेरिकी नागरिकांपुरते नाहीत. जो कोणी अमेरिकेच्या भूमीवर आहे, तो त्यांच्या कक्षेत येतो. फ्लॉरिडात व्हिसावर नोकरी करणारा मराठी अभियंता मित्राच्या होडीतून निघाला, तर भारतीय पासपोर्ट त्याला वाचवू शकत नाही.

पावणेचार वर्षांची उघडीप

१७ डिसेंबर २०१४ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी क्युबाशी संबंध सुधारण्याची घोषणा केली. पुढच्या महिन्यात प्रवासाची बारा कारणे ठरली: कुटुंबाची भेट, पत्रकारिता, संशोधन, शिक्षण, धर्मकार्य, क्रीडास्पर्धा, क्युबन जनतेला साहाय्य इत्यादी. या बारांपैकी एकात बसणाऱ्याला अर्ज न करता जाता येऊ लागले. सप्टेंबर २०१५ मध्ये व्यापार खात्याने खासगी होड्यांना चौदा दिवसांपर्यंतच्या मुक्कामाची सवलत दिली. तटरक्षक दलाचा अर्ज भरायचा, कारण लिहायचे, खर्चाच्या नोंदी पाच वर्षे जपायच्या आणि निघायचे.

पण या बारा कारणांत ‘मौज’ नव्हती. २००० सालच्या एका कायद्याने क्युबाच्या पर्यटनाला परवानगी देण्यास सरकारलाच मनाई केली आहे. अध्यक्षाला वाटले तरी ती देता येत नाही. त्यामुळे ज्याला केवळ गल्फ स्ट्रीम ओलांडायचा आहे, त्यालाही काही तरी थोर हेतू कागदावर मांडावा लागे. तरी वातावरण बदलले. फेब्रुवारी २०१७ च्या अखेरीस सेंट पीटर्सबर्ग ते हवाना ही शर्यत अठ्ठावन्न वर्षांनी पुन्हा झाली. हेमिंग्वे मरीनात अमेरिकी झेंड्याच्या होड्या उघडपणे लागू लागल्या.

जून २०१९ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांच्या सरकारने ही दारे लावली. क्रूझ जहाजे, खासगी विमाने, शिडाच्या होड्या, मासेमारीच्या होड्या या सगळ्यांची सवलत काढून घेतली. क्युबाच्या लष्कराच्या आणि सुरक्षा यंत्रणेच्या हाती अमेरिकी डॉलर जाऊ नयेत, हे कारण सांगितले गेले. अध्यक्ष बायडेन यांनी २०२२ मध्ये गटाने होणारा काही प्रवास पुन्हा सुरू केला, पण होड्यांना हात लावला नाही.

त्यामुळे आजचे चित्र विचित्र आहे. मायामीहून हवानाला नियमित विमाने जातात. ‘क्युबन जनतेला साहाय्य’ हे कारण देऊन अमेरिकी नागरिक त्यांत बसू शकतो. तोच माणूस, तोच हेतू, तेच शहर; पण स्वतःच्या होडीतून गेला, तर परवान्याविना निर्यात केल्याचा ठपका. परवान्यासाठी अर्ज करता येतो, पण धोरण नकाराचे आहे. डॉलर रोखणे हाच उद्देश असेल, तर विमानाच्या प्रवाशाला सोडून होडीवाल्याला अडवण्यात मला तर्क दिसत नाही. होडीवाला सोपा सापडतो, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

कॅनडाच्या वा युरोपच्या झेंड्याखाली, मेक्सिकोहून किंवा बहामाहून थेट येणाऱ्यांना यातले काही लागू नाही. तरी युरोपीय प्रवाशालाही थोडी झळ बसतेच: जानेवारी २०२१ नंतर क्युबाला जाऊन आलेल्याला अमेरिकेत व्हिसाशिवाय शिरण्याची सोय मिळत नाही, त्याला रीतसर व्हिसा काढावा लागतो.

पलीकडचा किनारा

एवढ्यावर थांबलो, तर हा लेख हौशी लोकांच्या तक्रारीचा होईल. खरा तोल पलीकडच्या किनाऱ्यावर कळतो.

क्युबात शिरणाऱ्या परदेशी होडीला बारा मैलांवरून रेडिओवर वर्दी द्यावी लागते. पिवळा झेंडा चढवून ती ठरलेल्या प्रवेश-बंदरातच येते. डॉक्टर, सीमारक्षक, सीमाशुल्क, शेतीखाते असे अधिकारी एकामागून एक होडीवर चढतात. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जायचे तर पुन्हा कागद. हे सगळे सोसण्याजोगे आहे. पण सामान्य क्युबन माणसाला मात्र स्वतःच्या देशाच्या पाण्यात होडीतून मनसोक्त फिरण्याची मुभा दीर्घकाळ नव्हती. क्युबात जन्मलेल्यांना समुद्रमार्गे देशात येण्या-जाण्यावर असलेली बंदी एप्रिल २०१६ मध्ये उठू लागली. तीही प्रथम व्यापारी आणि क्रूझ जहाजांपुरती. हौशी होड्यांचा क्रम ‘पुढे हळूहळू’ असा लावला गेला.

कारण उघड आहे. हेच पाणी क्युबन माणसाच्या सुटकेची वाट होते. १९८० मध्ये मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख क्युबन होड्यांनी फ्लॉरिडाला गेले, आणि त्यांतल्या कित्येक होड्या की वेस्टहून त्यांना आणायला गेलेल्या खासगी होड्याच होत्या. १९९४ च्या उन्हाळ्यात तीस हजारांहून अधिक लोक टायरच्या ट्यूबा आणि लाकडी फळ्या बांधून निघाले. किती पोहोचलेच नाहीत, याचा हिशेब कुणाकडे नाही.

म्हणून दोन्ही सरकारांना या पाण्यावरच्या लहान होडीची धास्ती वाटते. एकाला वाटते ती डॉलर आणि निदर्शने घेऊन येईल वा जाईल. दुसऱ्याला वाटते ती माणसे घेऊन जाईल. मोठ्या जहाजाची यादी असते, विमानाची तिकिटे असतात. लहान होडीवर कोण आहे, ती कुठे निघाली आहे, हे समुद्रात शिरल्यावर तिच्या नावाड्यालाच ठाऊक असते.

माझ्यापुरता मी काढलेला निष्कर्ष एवढाच आहे. प्रवासबंदी म्हणून एकच असा कायदा क्वचित असतो. युद्धकाळातला जुना कायदा, एका दुर्घटनेनंतरची आणीबाणी, निर्यातीचे नियम अशा वेगवेगळ्या कारणांसाठी झालेल्या तरतुदी एकमेकींवर चढत जातात, मूळ कारण मागे पडते आणि दरवर्षीची सही तेवढी चालू राहते. सेंट पीटर्सबर्गच्या शर्यतीला १९५९ नंतर अठ्ठावन्न वर्षे थांबावे लागले. हौशी लोकांचे त्यात फार काही बिघडले नाही, ते बहामाला गेले. या बंदीची खरी किंमत हवानाच्या समुद्रभिंतीवर बसून उत्तरेकडे पाहणारा माणूस मोजत आला आहे. आपल्याला भेटायला कुणी होडीने येत नाही आणि आपल्याला होडीत बसता येत नाही, ही दोन्ही बंधने त्याच्या वाट्याला एकदमच आली.