स्लाइडच्या चित्रातली शिवण

स्तनातील गाठीचा काप तपासताना पॅथॉलॉजिस्ट विभाजनाच्या अवस्थेतल्या पेशी मोजतात. नॉटिंगहॅम पद्धतीत या मोजणीला १ ते ३ गुण असतात. पेशींची नलिकांसारखी रचना किती टिकली आणि केंद्रके किती बिघडली, याचेही तसेच गुण मिळवून कर्करोगाची ग्रेड ठरते. बेरीज ७ आली तर दुसरी ग्रेड, ८ झाली की तिसरी. अशा काठावर एकच पेशी दोनदा मोजली गेली तरी निकाल बदलू शकतो. काचेऐवजी संगणकाच्या पडद्यावर स्लाइड पाहताना हा धोका खरा आहे.

१५ मिलिमीटर लांब-रुंद कापाचे चित्र पाव मायक्रॉनला एक पिक्सेल या हिशेबाने घेतले, तर ते ६०,००० बाय ६०,००० म्हणजे ३६० कोटी पिक्सेलचे होते. ते एका फोटोत मावत नाही. म्हणून स्कॅनर शेकडो चौकोनी तुकडे किंवा लांब पट्ट्या टिपतो आणि शेजारच्या तुकड्यांचा सामायिक भाग जुळवून गोधडी शिवतो.

गोधडी बिघडते ती अनेक प्रकारे. चित्रावर बुद्धिबळाच्या पटासारखे फिके-गडद चौकोन दिसले, तर भिंगाच्या कडेला प्रकाश कमी पडतो आहे. रिकाम्या काचेचा फोटो घेऊन उजेडाची दुरुस्ती पुन्हा केली की ते जातात. प्रत्येक जोडावर चित्र जिन्याच्या पायऱ्यांसारखे सरकले असेल, तर कॅमेरा किंचित तिरका बसला आहे. ठिपका प्रत्येक तुकड्यात त्याच जागी असेल तर धूळ कॅमेऱ्याच्या वाटेत. एकदाच असेल तर स्लाइडवर. एक तुकडा तीक्ष्ण आणि शेजारचा धूसर, हा दोष फोकसचा. काप ३ ते ५ मायक्रॉन जाड आणि अशा भिंगाची स्पष्ट दिसण्याची खोली सुमारे एक मायक्रॉन, त्यामुळे तो वारंवार भेटतो.

स्तनाच्या कापात चरबी भरपूर असते. तिथे जुळवायला ठळक खुणाच नसतात, मग सॉफ्टवेअर मोटारीने सांगितलेल्या जागेवर विसंबते आणि जोड चुकतो. त्यावर कडा एकमेकींत विरघळवल्या की शिवण दिसेनाशी होते, पण पेशी दुहेरी उमटू शकते किंवा अर्धी गायब. खरे तर उघडी शिवण बरी. निदान नजर तिथे थांबते.

ओळखण्याची खूणही सोपी आहे. कापाला पडलेली घडी वेडीवाकडी असते, तर जोडाचा दोष सरळ रेषेत आणि ठरावीक अंतरावर येतो. शंका आली तर स्लाइड पुसून पुन्हा स्कॅन करतात आणि तीच जागा साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली अशा यंत्रणेवरून प्राथमिक निदान करायला पहिल्यांदा परवानगी दिली, तरी मूळ काच जपावीच लागते. दुसरे मत घेणाऱ्या रुग्णाने चित्राच्या फाइलबरोबर स्लाइड आणि मेणातला ठोकळाही प्रयोगशाळेकडे मागावा.